सेल्फ फिरतोय पण उलटा: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बिनपाटीच्या दुकानाचा अनुभव

आधीच सांगून टाकते, दुकानाला पाटी नाही. असलीच तर पुढं टाकलेल्या पत्र्यामागं गेली असावी. त्यामुळं नाव विचारू नका, पत्ता शेवटी सांगते. काम होतं स्कूटरच्या सेल्फ मोटरमधले (बटण दाबलं की इंजिन चालू करते ती) निसटलेले मॅग्नेट, म्हणजे चुंबक, परत बसवायचं. घेतले ५२० रुपये. बोलले एक दिवस, लागले दोन. पाचात चार तारे देतेय. पाचवा का कापला ते येईल ओघात.

स्कूटर २०१४ ची. २०२१ च्या जुलैत ती दोन दिवस पुराच्या पाण्यात उभी होती. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की आमच्याकडं गाद्या माळ्यावर चढतात, आणि ४३ ची धोका पातळी गाठायच्या आत गाड्या चढावर नेऊन लावायच्या असतात. त्या वर्षी दोन गाड्या नेल्या, तिसरी नेईपर्यंत बोळात पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर ऑइल दोनदा बदललं, कार्बोरेटर धुतला, फिल्टर नवा टाकला, सीटखालचा गाळ चमच्यानं काढला. सेल्फ मोटर मात्र कुणी उघडली नाही, कारण सेल्फ लागत होता. चालतंय तोवर हात लावायचा नाही, हा आपल्या सगळ्यांचाच बाणा.

चार वर्षं ती बिचारी चालली. यंदा जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, बटण दाबलं की आधी ‘कर्रर्र’ आणि मग नुसतं ‘टक्’ असं सुरू झालं. हॉर्नचा आवाज बसायचा, मीटरमधला दिवा मिणमिणायचा. मला वाटलं, बॅटरी गेली. बॅटरीवाला प्रामाणिक निघाला. मीटर लावून म्हणाला, ‘उभ्या गाडीला साडेबारा व्होल्ट दाखवतोय. बटण दाबलं की आठच्या खाली येतोय. बॅटरी चांगली आहे मॅडम, मोटर जाम आहे, ती करंट खातीय.’ नवी बॅटरी गळ्यात मारायची आयती संधी त्यानं सोडली, म्हणून त्यालाही इथंच एक तारा देऊन टाकते.

मग घराजवळच्या मेकॅनिककडं गेले. त्याचं नाव घेत नाही, रोज समोरून जावं लागतं. त्यानं मोटर उघडली तर आतला एक मॅग्नेट सुटून आर्मेचरला चिकटलेला.

ज्यांनी ही मोटर आतून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुठीत मावेल एवढा लोखंडी डबा. आतल्या भिंतीला समोरासमोर दोन काळे, कौलासारखे वाकलेले मॅग्नेट. मधे फिरणारं, तारा गुंडाळलेलं आर्मेचर, त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासून आर्मेचरला वीज देणारे कार्बन. काही मोटरींत मॅग्नेट चार असतात, माझ्या स्कूटरच्या मोटरीत दोनच. हे मॅग्नेट फेराइटचे असतात, म्हणजे मुख्यतः लोखंडाचा ऑक्साइड दाबून भट्टीत भाजलेला. आमच्या गल्लीतल्या पणतीचीच जात म्हणा ना: कडक, आणि आपटलं की टवका उडालाच. त्याला भोक पाडून स्क्रू मारायची सोय नाही, म्हणून तो चिकटवतात किंवा दोन मॅग्नेटच्या मधल्या जागेत पत्र्याची स्प्रिंग अडकवून दाबून धरतात. आर्मेचर आणि मॅग्नेट यांच्यातली फट एका मिलिमीटरपेक्षाही कमी. गोंदानं जीव सोडला की मॅग्नेट ती फट ओलांडून आर्मेचरवर जाऊन बसतो, आणि मग ‘कर्रर्र’.

मेकॅनिकनं दुसरा मॅग्नेटही उचकटला, दोन्ही पुसले, छोट्या ट्यूबमधला झटपट गोंद लावला आणि तासाभरात मोटर बसवून दिली. दोनशे रुपये. बटण दाबलं तर मोटर गरागरा फिरली, अगदी मोकळी. इंजिन मात्र ढिम्म. आता तो म्हणाला, ‘वन-वे क्लच गेलाय मॅडम, अडीच हजार धरा.’ हा क्लच म्हणजे मोटरची फिरकी एकाच दिशेला पकडून इंजिनाला देणारा भाग.

अडीच हजारांचा विचार करण्यात पंधरा दिवस गेले आणि ते पंधराही दिवस मी किक मारली. साडी नेसून, शाळेच्या गेटसमोर, पावसात. सातवीतली पोरं छत्र्या धरून रांगेत उभी राहायची आणि त्यातलं एक तरी विचारायचं, ‘बाई, मी मारू का?’ शेवटी आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी उद्यमनगरातलं हे दुकान सांगितलं. त्यांच्या टेम्पोचा सेल्फ तिथंच झाला होता.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी बघितलंय त्यांना चित्र समजेल. एका बाजूला लेथचा आवाज, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगचा उजेड, रस्त्यावर कास्टिंगचे ढीग, आणि त्यातून वाट काढत चहावाला पोरगा. ऑइल इंजिनांच्या आणि सुट्या भागांच्या जोरावर हा भाग उभा राहिला, आणि इथं तयार मिळत नाही ते बनवून मिळतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, एका कोपऱ्यात जीप-ट्रॅक्टरच्या जाड्या मोटरी कलिंगडासारख्या रचलेल्या. बसायला इंजिनची उलटी केलेली लाकडी पेटी. मालक साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणाले. ते मला बाई म्हणाले. शाळेत शिकवते हे त्यांना कसं कळलं देव जाणे, हातावरचा खडू असेल.

मी म्हणाले, ‘मामा, क्लच गेलाय म्हणतात.’ ते काहीच बोलले नाहीत. दुकानातल्या पोराकडून मोटर उतरवून घेतली, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात न धरता पायाखालच्या गोणपाटावर ठेवून टाचेनं दाबली आणि बॅटरीच्या दोन जाड वायरी लावल्या. पिनियनला, म्हणजे मोटरच्या टोकाच्या दातेरी चाकाला, चिकटपट्टीचा एक तुकडा झेंड्यासारखा लावला होता. झेंडा फिरला. मग फळीवरून तसलीच दुसरी मोटर काढली, तिलाही झेंडा लावला, तिलाही बॅटरी दिली. तिचा झेंडा उलट्या बाजूला फिरला.

‘क्लच ठणठणीत हाय बाई. तुमचा सेल्फ उलटा फिरतोय. वन-वे क्लच हाय त्यो, उलट्या अंगाला पकडंल कसा?’

मी गेली एकोणीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दरवर्षी पोरांकडून अंगठा आणि दोन बोटं ताणून ताणून करून घेते. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं, अंगठा बलाचा. क्षेत्राची दिशा उलटली की बलाची दिशा उलटते, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आणि माझ्याच गाडीत क्षेत्र उलटलं होतं तेव्हा मी पंधरा दिवस किक मारत होते. मॅग्नेट वाकलेला असल्यामुळं पालथा बसूच शकत नाही, पण डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं सहज बसतो. एकाची उत्तर बाजू आतल्या अंगाला, दुसऱ्याची दक्षिण. आदलाबदल झाली की क्षेत्र उलटं. त्या मेकॅनिकनं दोन्ही काढताना खूण केली नव्हती, एवढीच चूक.

मी हुशारी दाखवायला गेले, ‘मग नुसती बॉडी अर्धा फेरा फिरवून बसवली तर?’ मामांनी बॉडीच्या कडेची खाच दाखवली, ती झाकणाच्या एकाच दातात बसते. ‘फिरवली तर बसायची न्हाई. आन् बसली तरी ह्ये बगा.’ त्यांनी अंगठ्यानं मॅग्नेट बाजूला रेटला. पंधरा दिवसांत एकाचा गोंद पुन्हा सुटला होता, तो भिंतीला नुसत्या स्वतःच्या ओढीनं चिकटून होता. तो झटपट गोंद ठिसूळ असतो, इंजिनाचे हादरे आणि उष्णता त्याला सोसत नाहीत. खेळण्याला ठीक, इंजिनाला टेकून बसणाऱ्या मोटरीला नाही.

खरी करामत यापुढं. मी पेटीवर बसून पुढचा तास-दीड तास बघत होते, शनिवारची सकाळची शाळा सुटलेली होती.

मामांनी आधी दोऱ्याला टांगलेला एक छोटा चुंबक काढला. त्याच्या एका अंगाला लाल नेलपॉलिश. तो दोन्ही मॅग्नेटसमोर धरून कुणाचं कुठलं टोक ते बघितलं, फळीवरच्या मोटरीशी ताडून पाहिलं, आणि मॅग्नेटच्या कडेवर व बॉडीवर पांढऱ्या रंगाचे जोडीचे ठिपके दिले. तेवढ्या एका मिनिटात माझे अडीच हजार वाचले.

मग मॅग्नेट काढले. त्यांच्या मागची भिंत तपकिरी झाली होती. नखानं उकरलं तर पापुद्रा निघाला. मामांनी विचारलं, ‘पुरातली गाडी का?’ मी मान हलवली. फेराइटला गंज चढत नाही, तो आधीच ऑक्साइड. गंजते ती लोखंडी बॉडी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळं तो गोंदाखाली शिरून फुगतो आणि मॅग्नेटला आतून उचलत नेतो. म्हणजे चार वर्षं ते आत चाललं होतं. पुरातून निघालेल्या गाड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचा.

पोरानं जुना गोंद आणि गंज पात्यानं खरवडला, मग पॉलिश पेपर मारून भिंत पांढरी केली. मॅग्नेटच्या पाठीलाही हलका हात. मी म्हटलं, पेट्रोलनं पुसून घ्या. मामा ओरडलेच, ‘पेट्रोल न्हाई! तेलकट ऱ्हातंय त्ये.’ थिनरच्या स्वच्छ फडक्यानं दोनदा पुसलं, आणि त्यानंतर त्या भागाला बोट लावायचं नाही. त्यात उद्यमनगरातली हवा. लोखंडाचा बारीक कीस उडून मॅग्नेटवर मिशा फुटल्यासारखा उभा राहतो. तो फुंकून जात नाही, पुसून जात नाही. पोरगं चिकटपट्टी उलटी करून टिपत बसलं. तेवढ्यासाठी अर्धी चिकटपट्टी संपली.

गोंद कुठला? दोन ट्यूबांचा इपॉक्सी, ज्याला आपण सरसकट अराल्डाइट म्हणतो, पण पाच मिनिटांत आवळणारा नव्हे, सावकाश वाळणारा. पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही सारखे घेऊन मामांनी काडीनं इतका वेळ घोटला की मला वाटलं विसरले. ‘न्हाई घोटलं तर एका जागी वाळतंय, एका जागी चिकाट ऱ्हातंय.’ मग मॅग्नेटच्या पाठीवर अगदी पातळ थर. जास्त लावला तर मॅग्नेट आत सरकतो आणि आर्मेचर घासतं. मधे पोकळ राहिलं तर तिथून सुटतो. ठिपक्याला ठिपका जुळवून बसवले. मॅग्नेट बॉडीला स्वतःच खेचून धरतो हे खरं, पण ओला गोंद म्हणजे निसरडं, त्यावर तो बाजूला सरकू बघतो. म्हणून दोन्ही मॅग्नेटच्या मधल्या जागांत बांबूच्या चपट्या पाचरी. आणि आतून दाब द्यायला? लाटणं. खरंच लाटणं, बॉडीच्या मापाला कापलेलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ते फिरवत फिरवत आत सारलं की दोन्ही मॅग्नेट चारी बाजूंनी सारखे दाबले जातात. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? मामा म्हणाले, ‘मंडळींचं लाटणं मोडल्यालं हुतं.’

त्यानंतर बॉडी गेली एका पत्र्याच्या डब्यात, वर शंभर वॅटचा पिवळा बल्ब. पावसाळ्याच्या ओल्या हवेत इपॉक्सी सुस्तावतो, उबेत नीट पकडतो. ‘उद्या संध्याकाळी या.’

मी म्हटलं, मामा, आजच मिळाली असती तर बरं झालं असतं, सोमवारी सकाळी शाळा आहे. त्यावर त्यांनी चष्मा काढला. ‘घाई आसंल तर तासाभरात दिणारं बी हाईत की. त्यांच्याकडनंच आलायसा न्हवं?’

गप्प बसले.

जाता जाता त्यांनी मला एक कोडं घातलं, ते इथल्या वाचकांनाही घालते. तुमच्या स्कूटरच्या सेल्फला बॅटरीच्या वायरी उलट्या लावल्या तर मोटर उलटी फिरेल. मग जुन्या जीपच्या जाड्या सेल्फला वायरी उलट्या लावल्या तर? मी ताडकन म्हणाले, तोही उलटाच. मामा हसले. जुन्या सेल्फमध्ये मॅग्नेट नसतात, तांब्याच्या जाड पट्टीची फील्ड कॉइल असते. वायरी उलटल्या की कॉइलचं क्षेत्रही उलटतं आणि आर्मेचरची धाराही. दोन्ही उलटलं म्हणजे बल सरळच. पुस्तकात हे असं थेट नाही, पण डाव्या हातानं करून बघितलं तर निघतं. सोमवारी वर्गात विचारलं. मागच्या बाकावरच्या, वडिलांचं गॅरेज असलेल्या एका पोरानं पहिल्या फटक्यात सांगितलं. मी त्याला माझी चूक सांगितली नाही.

आणखी एक गोष्ट त्याच ओघात कळली. सेल्फ अडला की हातोडीनं ठोकायचा, ही खोड आपल्याकडं जुनी आहे. जुन्या कॉइलच्या मोटरीत अडकलेले कार्बन ठोक्यानं सुटायचे, म्हणून ती चालून जायची. तोच ठोका मॅग्नेटच्या मोटरीला बसला तर पणती फुटते. मामांच्या डब्यात असले फुटके मॅग्नेट होते. एकाचे दोन उभे तुकडे त्यांनी माझ्या हातात दिले, म्हणाले, जोडा. जोडेनात! एकाच मॅग्नेटचे दोन तुकडे, पण शेजारी शेजारी आणले की दोघांची सारखी टोकं एका बाजूला येतात आणि ते एकमेकांना ढकलतात. वाटण्या झालेल्या भावांसारखे. ते दोन तुकडे मी वर्गासाठी मागून आणलेत. व्हाइसमध्ये मोटर न धरण्याचं कारणही तेच, बॉडी जरा दबली की आत तडा.

आता पाचवा तारा.

रविवारी संध्याकाळी गेले तर दुकान बंद. फोन लावला, उचलला नाही. शेजारच्या लेथवाल्यानं सांगितलं, मामा भाच्याच्या साखरपुड्याला गेलेत. साखरपुड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मग ‘उद्या या’ कशाला म्हणायचं? सोमवारी शाळेत रिक्षानं गेले, संध्याकाळी परत उद्यमनगर. बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर आकडा लिहून दिला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: मोटर जिथं इंजिनात बसते तिथली रबरी ओ-रिंग जुनीच टाकली. ती चपटी झाली होती, मला दिसत होतं. मी बोलले तर म्हणाले, ‘चालतीय अजून.’ मॅग्नेट बसवताना ज्या माणसानं बोटाचा तेलकटपणासुद्धा चालवून घेतला नाही, त्यानं ही रिंग का चालवून घेतली, हे मला अजून उमगलेलं नाही. मापाची रिंग त्यांच्याकडं नव्हती, हे खरं कारण असावं. तसं सांगितलं असतं तर मी आणून दिली असती.

जोडणी मात्र बघण्यासारखी. लाटणं आणि पाचरी काढल्यावर मामांनी बॉडी कानाजवळ धरून नखानं टिचक्या मारल्या. सगळीकडं सारखा टणक आवाज. मग नवे कार्बन, कम्युटेटरवर बारीक पॉलिश पेपर, बुशला ग्रीसचं बोट. आर्मेचर आत घालताना त्यांनी मला हात मागं घ्यायला सांगितलं. बरोबर होतं, शेवटच्या दोन इंचांत मॅग्नेटनं ते असं हिसडून आत ओढलं की मधे बोट असतं तर काळंनिळं झालं असतं. झेंडा लावून फिरवलं, या वेळी सरळ. गाडीला बसवून बटण दाबलं, दुसऱ्या ‘खुर्र’ला इंजिन चालू. मीटर मी मुद्दाम लावायला लावला: बटण दाबताना बॅटरी साडेदहावर थांबली. आधी आठच्या खाली जात होती.

मॅग्नेटचं काम ३५०, कार्बनचे १७०. नव्या मोटरीचे बाहेर तीन हजारांच्या पुढं सांगितले होते. मामा स्वतःच म्हणाले की मॅग्नेट फुटून तुकडा गहाळ झाला असता तर त्यांनीही नवीच घ्यायला सांगितली असती.

आज सहा आठवडे झाले. रोज चार-पाच वेळा सेल्फ मारते, पाऊस धो धो आहे, अजून तरी कर्रर्र नाही. ओ-रिंग लक्ष्मीपुरीत मिळाली, वीस रुपयांना. पर्समध्येच आहे, या शनिवारी शाळा सुटली की टाकून घेणार.

पत्ता: उद्यमनगरात कुणालाही ‘सेल्फ वाइंडिंगवाले मामा’ विचारा. दोन-तीन मामा निघतील, तुम्हाला हवेत ते लाटणंवाले. सकाळी साडेनऊनंतर, दुपारी एक ते तीन जेवायला घरी. गाडी लावायला जागा नाही, समोरच्या कास्टिंगच्या ढिगाशेजारी लावली तर लेथवाला ओरडतो. ओ-रिंग बरोबर घेऊन जा, आणि निघायच्या आधी मामांच्या घरात कुणाचा साखरपुडा नाही ना, तेवढं विचारून घ्या.